सुरुंग मोजू नकोस, जमीन मोज

तुझा मेल दोनदा वाचला. जगात दहा कोटींवर भूसुरुंग आहेत, सगळे काढायला हजार वर्षं लागतील, मग या कामात पडून काय उपयोग, असं विचारतोयस. हा आकडा कुठून आला मला माहितीये, नव्वदच्या दशकात मीच तो भाषणांत सांगत फिरलोय.

अरे, मोझांबिकमध्ये वीस लाख आहेत असं तेव्हा म्हणायचे, २०१५ च्या सप्टेंबरात देश सुरुंगमुक्त जाहीर झाला तोवर निघाले त्याहून कितीतरी कमी. म्हणून लोकांचं नुकसान कमी होतं का? शेतात एक सुरुंग असो की शंभर, कुठेय ते माहीत नाही म्हटल्यावर अख्खं शेत बंद. नांगर नाही, गुरं नाहीत, काही नाही. सुरुंग मोजू नकोस, जमीन मोज.

मी सुरुंग मोजले. एका वर्षी टीम कुठे लावायची ठरवताना जुन्या लष्करी ठाण्याभोवतीचा दाट पट्टा घेतला, तिथे रोज भरपूर निघायचे, रिपोर्ट छान दिसायचा. विहिरीकडची पायवाट यादीत खाली गेली, तिथे फार तर दोन-तीन असतील म्हणून. एकच होता. नऊ वर्षांच्या मुलीचा पाय त्यावर पडला. पैसे देणारे आकडाच मागायचे हे खरंय, आणि आकडा दाखवला नसता तर ते कामच बंद पडलं असतं असं मी आजही म्हणतो. पण यादी मी केली होती. वाढत्या पोरीचा कृत्रिम पाय सारखा बदलावा लागतो, तो खर्च मी कुठेच धरला नव्हता.

सुरुंग बनवायला तीन डॉलर, काढायला तीनशे ते हजार, हे तू लिहिलंयस ते ठीक, पण त्यात पडीक शेत कुठेय? बंद रस्ता? मोझांबिकमध्ये रस्ते, रेल्वे, बाजार मोकळे झाले तेव्हा लांबच्या भागांतही व्यवहार वाढले, हे अभ्यासातून दिसलंय. जमीन मोज म्हणतो ते यासाठी.

२०२५ मध्ये फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार सोडायचं ठरवलं, त्याने तू खचलायस, मलाही झोप आली नाही. पण २०२३ मध्ये सुरुंग आणि युद्धात उरलेल्या स्फोटकांनी मेलेले-जखमी झालेले ५,७५७ नोंदले गेले, त्यातले शंभरात चौऱ्याऐंशी साधी माणसं, आणि ती चालतात त्या वाटा आजही तशाच आहेत, तेव्हा खचायला नंतर वेळ काढ.

तिथे पोचलास की नकाशावरच्या लाल खुणा लगेच मोजत बसू नकोस. आधी गावातल्या बायकांना विचार, पाणी कुठून आणता, आणि पूर्वी कुठून आणायच्या.