१८ जीबीच्या अफवेसाठी थांबावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सध्या ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड आहे, मॉनिटर १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेल). मुख्य काम गेमिंग, अधूनमधून ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर, आणि हल्ली घरच्याच मशीनवर चॅटजीपीटीसारखं भाषा-मॉडेल चालवून बघायचा नाद लागलाय. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० घ्यायला निघालात, तेवढ्यात '५०७० सुपर, १८ जीबी, किंमत तीच' ही अफवा वाचली आणि हात आखडता घेतलात. आता थांबू की घेऊ?

आधी एक सांगतो. अफवेतल्या सगळ्या गोष्टी एकाच वजनाच्या नसतात. कार्डाची मुख्य चिप काही वर्षं आधी ठरते आणि मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातली वाट, तिची रुंदी बिटांत मोजतात) त्या चिपमध्येच कोरलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. त्या बसवर कुठल्या मेमरी चिपा लावायच्या हे बरंच उशिरा ठरतं. कार्डाचं नाव त्याहून उशिरा. आणि किंमत? ती बाकी सगळं छापून झाल्यावर, कधीकधी विक्रीच्या दोन दिवस आधी. म्हणून मी अफवा याच क्रमाने वाचतो: बसबद्दल असेल तर कान टवकारतो, मेमरीबद्दल असेल तर कागद-पेन्सिल घेतो, किमतीबद्दल असेल तर पुढे सरकतो.

कागद-पेन्सिलीचं गणित सोपं आहे. जीडीडीआर या ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरीची प्रत्येक चिप बसचे ३२ बिट अडवते. १९२ बिटची बस म्हणजे सहा चिपा, २५६ म्हणजे आठ, १२८ म्हणजे चार. आजवर २ जीबीच्या चिपा सर्रास वापरात आहेत, म्हणून ५०७० वर सहा दुणे बारा आणि ५०८० वर आठ दुणे सोळा. मेमरी दुप्पट करायची असेल तर बोर्डाच्या पाठीमागेही तितक्याच चिपा बसवतात, दोन-दोन चिपा एकाच वाटेवर. आरटीएक्स ४०६० टीआयचं १६ जीबीचं कार्ड असंच झालं: १२८ बिट, पुढे चार, मागे चार. मेमरी दुप्पट झाली, बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा ये-जा करतो ती, होती तेवढीच राहिली.

म्हणजे १९२ बिटच्या कार्डावर १६ जीबी येणार असं कोणी ठासून सांगत असेल, तर तो बहुधा आपल्या मनातलं सांगतोय. तिथे १२, १८ किंवा २४ हेच आकडे सरळ बसतात. तुमच्या अफवेतले १८ जीबी या चाळणीतून पार होतात: सहा चिपा, प्रत्येकी ३ जीबी. आणि या चिपा कल्पनेतल्या नाहीत. सॅमसंगने २४ गिगाबिटची, म्हणजे ३ जीबीची जीडीडीआर७ चिप ऑक्टोबर २०२४ मध्येच जाहीर केली होती. लॅपटॉपमधल्या ५०९० ला २५६ बिटवर २४ जीबी मिळालेत ते याच चिपांच्या जोरावर.

पण गणित जुळलं म्हणून कार्ड येतंच असं नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. २०२० साली आरटीएक्स ३०८० आलं ते ३२० बिट, १० जीबी. तेव्हा त्यावरच्या जीडीडीआर६एक्स मेमरीच्या फक्त १ जीबीच्या चिपा होत्या. ३०९० चे २४ जीबी भरायला तर एनव्हिडियाला पुढे बारा आणि मागे बारा अशा चोवीस चिपा लावाव्या लागल्या. त्या वेळी २० जीबीचं ३०८० येणार अशी जोरदार चर्चा होती. गणित चोख होतं, बोर्ड बनवणंही शक्य होतं. प्रत्यक्षात जानेवारी २०२२ मध्ये आलं ते १२ जीबीचं ३०८०, तेही ३८४ बिटवर. उलट उदाहरण ३०६० चं. १९२ बिटवर १ जीबीच्या चिपा लावल्या असत्या तर ६ जीबी झाले असते, आणि ते उघडच तोकडे होते. मग २ जीबीच्या लावल्या. त्यामुळे धाकट्याकडे १२ जीबी आणि थोरल्या ३०७० कडे ८, असा उफराटा संसार झाला.

आता या ३ जीबीच्या चिपा पुरेशा आहेत का, आणि असल्या तर आपल्या वाट्याला येतील का? माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स प्रो ६००० ब्लॅकवेल हे व्यावसायिक कार्ड घ्या: ५१२ बिट, दोन्ही बाजूंना मिळून ३२ चिपा, प्रत्येकी ३ जीबी, म्हणजे ९६ जीबी. त्या एका कार्डाच्या चिपांत १८ जीबीची पाच कार्डं होतील आणि दोन चिपा उरतील. त्या एका कार्डाला जो भाव मिळतो तो पाच ५०७० ना मिळून येत नाही. तुम्ही कंपनी चालवत असता तर चिपा कुठे लावल्या असत्या? त्यात गेमिंग कार्डावर भरपूर मेमरी दिली की छोटे एआयवाले महागडी कार्डं सोडून तीच उचलतात, हेही कंपनीला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही स्वतःच मॉडेल चालवण्यासाठी १८ जीबीकडे डोळे लावून बसलात ना? मग झालं तर.

भरीला २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव चढलेत. एआय डेटा सेंटरसाठी मेमरी कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' हा आपला ग्राहकांसाठीचा रॅम-एसएसडीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डाच्या चिपा वेगळ्या जातीच्या असल्या तरी कारखाने तेच, कच्चा माल तोच. अशा काळात 'मेमरी दीडपट, किंमत तीच' हे वाक्य मला पटत नाही. १८ जीबीचं कार्ड येऊ शकतं. तीच किंमत हा त्या अफवेतला सर्वांत कच्चा भाग आहे.

किमती किती उशिरा ठरतात ते जुन्या घटनांवरून पाहा. जून २०१९ मध्ये एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी एएमडीने आरएक्स ५७०० एक्सटी ४४९ डॉलरला जाहीर केलं आणि जुलैत विक्रीच्या तोंडावर ३९९ केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने १२ जीबीचं ४०८० जाहीर केलं, किंमत ८९९ डॉलर. लोकांनी इतका शंख केला की पुढच्याच महिन्यात ते मागे घेतलं. तेच कार्ड जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय या नावाने ७९९ ला आलं. छापलेलं नाव आणि जाहीर झालेली किंमतही जिथे टिकली नाही, तिथे अफवेतल्या किमतीवर कसला भरवसा? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला प्रकार.

आणखी एक गंमत. जास्तीच्या ८ जीबीसाठी एनव्हिडियाने ४०६० टीआयवर १०० डॉलर लावले होते (३९९ आणि ४९९). दोन वर्षांनी ५०६० टीआयवर ५० लावले (३७९ आणि ४२९). एएमडीच्या ९०६० एक्सटीवरही फरक ५० चाच. दरम्यान एनव्हिडियाच्या कार्डांवरची मेमरी जीडीडीआर६ ची जीडीडीआर७ झाली होती, म्हणजे चांगलीच झाली होती. तेव्हा मेमरीचा अधिभार हा चिपांच्या खर्चावरून कमी आणि समोरची कंपनी काय करतेय यावरून जास्त ठरतो. मार्च २०२५ मध्ये एएमडीने ९०७० एक्सटी १६ जीबीसह ५९९ ला आणलं, म्हणून एनव्हिडियाच्या ७४९ च्या ५०७० टीआयवर थोडा तरी दबाव होता. समोर कोणी नसलं की दबाव नाही, आणि वरच्या टप्प्यात सध्या कोणी नाही.

माझी स्वतःची फजितीही सांगतो, म्हणजे मी काही पहिल्यापासून शहाणा होतो असं वाटायला नको. ऑगस्ट २०२० मध्ये नवी मालिका तोंडावर आली होती. जुन्या कार्डाचा भाव पडायच्या आत विकून टाकावं म्हणून मी माझं जीटीएक्स १०७० फुंकून टाकलं. १ सप्टेंबरला ३०७० ची किंमत जाहीर झाली ४९९ डॉलर, आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे टंचाई आणि क्रिप्टो मायनिंग यांनी मिळून कार्डं मिळेनाशी आणि महाग केली, ते तुम्हाला आठवत असेलच. वर्षभर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर बुद्धिबळ खेळलो. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. तेव्हापासून नवं कार्ड मशीनमध्ये बसून नीट चालल्याशिवाय जुनं विकत नाही.

आता तुमच्या कामाचं. १४४०पी वर आजच्या जड गेमसाठी १२ जीबी चालतात, पण रे ट्रेसिंग (प्रकाशाचं खऱ्यासारखं गणित) आणि फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डानेच बनवणं) दोन्ही लावलं की मेमरी काठोकाठ भरते. ती संपली की सरासरी फ्रेमचा आकडा फारसा बिघडलेला दिसत नाही, मात्र मधेच झटके बसतात, नाहीतर टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागांवरची चित्रं, चिखल कालवल्यासारखी दिसतात. नुसते सरासरीचे तक्ते पाहून ८ आणि १६ जीबीत काही फरक नाही म्हणणारे इथेच चुकतात. उलट, मेमरी जास्त म्हणजे कार्ड वेगवान असंही नाही. ५०६० टीआयला १६ जीबी आहेत, पण बँडविड्थ सेकंदाला ४४८ जीबी. ५०७० ला १२ जीबी आणि ६७२. गेममध्ये ५०७० बरंच पुढे राहतं.

भाषा-मॉडेलचा हिशोब वेगळा. ४ बिटवर आणलेलं, म्हणजे आतला प्रत्येक आकडा (पॅरामीटर) ४ बिटांत दाबून बसवलेलं मॉडेल दर अब्ज पॅरामीटरला साधारण अर्धा जीबी खातं. १४ अब्जांचं मॉडेल ७ जीबी अधिक संदर्भासाठीची (चालू संभाषण लक्षात ठेवायची) जागा, म्हणजे १२ मध्ये आरामात. ३० अब्जांचं १५ जीबी अधिक संदर्भ: १६ मध्ये कोंबाकोंबी, १८ मध्ये अंग चोरून, २४ मध्ये ऐसपैस. थोडक्यात, ज्या १८ साठी तुम्ही थांबताय ते १६ पेक्षा एक पायरी वर आहेत, एक मजला नाही.

त्यामुळे माझं मत असं. पैसे ताणता येत असतील तर १६ जीबीचं ५०७० टीआय आत्ताच घ्या. ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन आणि मॉडेल चालवण्याची बहुतेक साधनं एनव्हिडियावर कमी कटकटीत चालतात, म्हणून तुमच्यासाठी मी ९०७० एक्सटी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. फक्त गेम असते तर पहिल्यावर ठेवलं असतं. पैसे ताणता येत नसतील आणि मॉडेलचा नाद खरोखर रोजचा असेल, तर १६ जीबीचं ५०६० टीआय, गेममध्ये थोडी सेटिंग उतरवायची तयारी ठेवून. १२ जीबीचं ५०७० मी तुम्हाला सुचवणार नाही. वाईट कार्ड आहे म्हणून नव्हे. तुमच्या तीन कामांपैकी दोन कामं मेमरी मागणारी आहेत म्हणून. आणि सध्याचं ८ जीबीचं कार्ड तुमचे गेम अजून ओढत असेल, तर थांबलात तरी चालेल, मेमरीचे चढते भाव मात्र ध्यानात ठेवा. फक्त ते 'तीच किंमत' धरून थांबू नका.

एक राहिलं. ५०६० टीआयकडे वळलात तर मदरबोर्ड आधी बघा. ते कार्ड पीसीआयईच्या (कार्ड ज्या खाचेत बसतं तिच्या) आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. बोर्ड पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीचा असेल तर सेकंदाला जेमतेम ८ जीबीची वाट मिळते, आणि मेमरी ओसंडून रॅमकडे धाव घ्यायची वेळ आली की ते जाणवतं. १६ जीबीच्या कार्डावर ती वेळ क्वचित येते, ८ च्या कार्डावर रोज. बोर्डाचं मॉडेल आणि पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे तेवढं कळवा, म्हणजे ५०७० टीआय त्यावर चालेल का ते सांगतो.