पत्रात मुलगी कुठे आहे?

प्रश्न: मुलगी पाच वर्षांच्या लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. गुण ६१ टक्के. ‘खोल समुद्रतळाच्या खनिजांवर हक्क कोणाचा’ हा प्रकल्प केल्यापासून आंतरराष्ट्रीय कायद्याचंच खूळ घेऊन बसली आहे. आम्ही यूपीएससी ठरवली आहे. ज्या कायद्याला पोलीस नाहीत, त्यावर पोट भरतं का? तिला समजावून सांगा. – एक वडील, नाशिक

उत्तर: तुमचं मूळ पत्र बरंच लांब आहे. आम्ही क्लास लावला, आम्ही वर्ष वाया घालवणार नाही, आम्ही पहिल्या प्रयत्नात काढू... पेपरला मात्र ती एकटी बसणार. ६१ टक्क्यांनी मी घाबरत नाही. एवढ्या मोठ्या मुलीचं पत्र वडील लिहितात, आणि त्यात तिचं म्हणणं एका ओळीचंही नाही, याने घाबरतो. क्लासच्या फीची पावती जोडलीत. तिचा प्रकल्प वाचलात तरी का?

आता ते पोलिसांचं. १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून बटाट्याएवढे काळे गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. काढले म्हणून आपले झाले? नाही. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार देशांच्या हद्दीपलीकडचा तळ साऱ्या मानवजातीचा. म्हणून भारताने १९८७ मध्ये नोंदणी केली, २००२ मध्ये जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला. ७५,००० चौरस किलोमीटरमध्ये शोध घेण्याचा हक्क त्या कागदावर उभा आहे. तिथला एक नियम तुम्हाला लगेच पटेल: अर्जदाराने सारख्या मोलाचे दोन तुकडे दाखवायचे, त्यातला एक प्राधिकरण विकसनशील देशांसाठी राखून ठेवणार. भावकीत एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तसंच. सगळं आलबेल आहे असं नाही. अमेरिका करारात आलेलीच नाही, आणि विकसनशील देशांना तंत्रज्ञान सक्तीने देण्याची अट १९९४ मध्ये श्रीमंत देशांच्या आग्रहाने गळाली. एवढं भांडण शिल्लक असलेल्या विषयात वकिलाला काम नाही, असं कसं म्हणता?

पैसा सुरुवातीला बेताचाच मिळेल, हे तिलाही सांगा. वाटा नेहमीच्याच: क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, किंवा यूपीएससीतून परराष्ट्र सेवा. घर गहाण टाकून परदेशी पदवी आत्ता नकोच.

पण हे सगळं मी तुमच्याशी बोलतोय, हीच गडबड आहे. पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत प्रकल्प जोडायला सांगा. पावती नको.