दोघांसाठी स्टीमपंक पत्ते: आधी घरातला जुना कॅट काढा

तुमची अडचण मला समजली ती अशी: फोंड्यात घर, माणसं दोनच, रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास मोकळा. स्टीमपंक धाटणीचा (म्हणजे व्हिक्टोरियन काळातली वाफेची इंजिनं आणि काल्पनिक यंत्रं यांच्या जगातला), घरी छापून खेळता येईल असा पत्त्यांचा खेळ हवा. हौसेने एक पीडीएफ उतरवून ५४ पत्ते रंगीत छापलेत, आणि जुलैच्या हवेत ते आता केळीच्या सालीसारखे वळलेत. शिवाय खेळ दीड तास चालतो.

कागदाचं नंतर बोलू. पहिली चूक ५४ पत्त्यांची. नेहमीचा पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा, म्हणजे ए-फोर कागदावर बरोबर नऊ बसतात. अठरा पत्ते म्हणजे दोन कागद आणि कापाकापी अर्ध्या तासाची. बटन शाय नावाची एक छोटी अमेरिकन कंपनी तर १८ पत्त्यांचे खेळ पाकिटात घालून विकते, आणि त्यातल्या बऱ्याच खेळांच्या पीडीएफही मिळतात. छापून खेळायचं असेल तर शोध अठरापासून सुरू करा.

आता स्टीमपंक. माझं मत जरा तिरकस आहे. फुकटात मिळणाऱ्या पुष्कळ खेळांत पत्त्यावर दातेरी चाकं, गॉगल आणि उंच टोप्या असतात, आणि खाली आपलं तेच बदाम-सात. चित्रं खोडली तरी खेळात काडीचा फरक पडत नाही. वाफ खेळायच्या रीतीत हवी. वाफेचा स्वभाव काय? दाब कमी तर इंजिन हलत नाही, जास्त तर बॉयलर फुटतो. १८३१ साली अमेरिकेत ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या इंजिनाचा बॉयलर फुटला. वाफेच्या शिट्टीला कंटाळून आग पेटवणाऱ्या कामगाराने सुरक्षा झडपच दाबून बंद केली होती, असं सांगतात. तो मोह खेळणाऱ्याला हातात पत्ता घेताना व्हायला हवा.

या हिशेबाने मी एक खेळ जमवलाय. छापायच्या आधी घरातल्या जुन्या कॅटवरच खेळून बघा. चार एक्के, चार दुऱ्या, तीन तिऱ्या, दोन चौके, एक पंजा: हा झाला कोळसा, एकूण १४ पत्ते. दोन राण्या म्हणजे झडपा, दोन गुलाम म्हणजे बिघाड. झाले अठरा.

दोघांची इंजिनं गोव्यातल्या कुळे स्टेशनाहून घाट चढायला निघतात. १० गुणांवर सोनावळी, २० वर दूधसागर, ३० वर करंजोळ, ४० वर कॅसल रॉक. (मुरगावहून कॅसल रॉकपर्यंतचा हा मार्ग १८८८ च्या सुमाराला झाला, आणि या घाटाची चढण ३७ फुटांना एक फूट आहे. व्हिक्टोरियन वाफेसाठी आपल्याला लंडनला कशाला जायला हवं?) गुण मोजायला चिंचोके पुरतात.

पत्ते पिसून गड्डी मध्ये पालथी ठेवायची. आपल्या पाळीत वरचा पत्ता उलटायचा, हवं तर आणखी एक, हवं तर आणखी. बेरीज १० पर्यंत असताना थांबलात तर तेवढे गुण तुमचे. दहाच्या वर गेली की बॉयलर फुटला, त्या पाळीचं सगळं गेलं. राणी किंवा गुलाम निघाला तर तो बेरजेत धरायचा नाही, हातात ठेवायचा. बॉयलर फुटताना राणी टाकली तर शेवटचा पत्ता रद्द, आधीची बेरीज पदरात, पाळी संपली. गुलाम मात्र समोरच्याच्या पाळीत टाकायचा: तो “थांबलो” म्हणाला की आपण गुलाम खाली ठेवायचा, आणि त्याला आणखी एक पत्ता उलटावाच लागतो. वापरलेले पत्ते उघडे ठेवायचे. गड्डी संपली की तेच पिसून पुन्हा घ्यायचे. पहिल्याने ४० गाठले की दुसऱ्याला एक शेवटची पाळी, मग ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

गुलामाचा हा नियम सरळ सुचला नव्हता. पहिल्यांदा गुलाम टाकला की समोरच्याचा बॉयलर थेट फुटायचा. बायकोने माझे नऊ गुण असे दोनदा उडवले, आणि मी पत्ते आवरायला घेतले. आता जीव टांगणीला लागतो, पण सुटकेची वाट राहते. उघडे पत्ते बघून पंजा गेलाय की अजून गड्डीत आहे हे मोजता येतं. खरी रंगत तिथे आहे. मर्यादा ८ ठेवूनही पाहिली, तर दोघेही घाबरून दुसऱ्या-तिसऱ्या पत्त्यालाच थांबतात. दहाच ठेवा. एक डाव दहा-पंधरा मिनिटांत उरकतो, म्हणजे तुमच्या अर्ध्या तासात परतफेडही होते.

आवडला तरच छापा, आणि काळ्या शाईतच. दुकानात छापणार असाल तर आकार ‘शंभर टक्के’ ठेवायला सांगा. एका दुकानात मला ‘कागदावर बसवा’ हा पर्याय लावून दिला आणि पत्ते ६० मिलिमीटरचे झाले; कापून झाल्यावर लक्षात आलं. पहिला कागद हातात आला की तिथल्या तिथे पट्टी लावून ६३ भरतात का बघा. पाठीमागची नक्षी छापूच नका, दोन बाजू कधीच नीट जुळत नाहीत.

आता आपली हवा. इंकजेटची शाई ओल्या बोटाने पसरते, म्हणून लेझर प्रिंट घ्या. जाड कागद आपल्याकडे पावसाळ्यात सर्दावून वळतोच, आणि लॅमिनेशन केलं तर कडा नीट बंद नसल्यास ओल आत शिरते. शिवाय ते पत्ते पिसताना हातातून सटकतात. माझा इलाज स्वस्त आहे: साध्या ८० जीएसएमच्या (नेहमीच्या झेरॉक्सच्या) कागदावर छापायचं, प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये (पत्त्याच्या मापाच्या पारदर्शक पाकिटात) मागे जुन्या कॅटमधला एकेक पत्ता घालायचा आणि पुढे ही चिठ्ठी सरकवायची. आपल्याकडचे पत्ते बरेचदा अरुंद, ५७ मिलिमीटरचे असतात, ते स्लीव्हमध्ये थोडे हलतात, पण ताठ राहतात. स्लीव्ह नसतील तर थेट जुन्या पत्त्यांवर चिकटवा, मात्र खळ नको. ओलसर हवेत खळीला बुरशी येते आणि वास जात नाही; गोंदाची कांडी वापरा. कापायला कात्रीऐवजी पोलादी पट्टी आणि कटर, आणि कोपरे गोल करायला नेलकटर. हसू नका, छान जमतं.

तुमच्या वळलेल्या ५४ पत्त्यांतून कोळशासाठी चांगली चित्रं असलेले १४ निवडा, दोन दिवस जाड पुस्तकाखाली तांदळाच्या डब्याजवळ कोरड्यात ठेवा आणि वर मार्करने आकडे घाला. पैसे अगदीच वाया गेले नाहीत. चवथीपर्यंत दोघांचा हात बसला की मला सांगा, चौघांसाठी दोन इंजिनं आणि मागून ढकलणारं तिसरं असा नियम मी सध्या तपासतोय, पण त्यात अजून मागचं इंजिनच सारखं जिंकतंय.