गाडीखाली आलेले रानडुक्कर कोणाचे?

प्रश्न : मी गोव्यात सत्तरी तालुक्यात राहतो. स्वतःची पिकअप आहे, सुपारी-काजूची भाडी मारतो. गेल्या गुरुवारी रात्री होंड्याहून वाळपईकडे येताना एक रानडुक्कर झाडीतून थेट गाडीपुढे आले. ब्रेक लावला, पण बंपरला धडकून जागीच मेले. मागून मोटारसायकलवर आमच्याच वाड्यावरचे दोघे आले. ‘कुजून जाण्यापेक्षा घरी नेऊया’ म्हणाले. गाडीत घालून आणले, रात्रीच कापून सहा घरांत वाटे केले. आमच्या वाट्याची थोडी शाकुती केली, उरलेले फ्रीझरमध्ये आहे. सुळे एकाने ठेवून घेतले. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत वनखात्याकडे गेला. काल बीट गार्ड येऊन गेला, सोमवारी रेंज ऑफिसात बोलावले आहे. माझा मावसभाऊ अमेरिकेत ओरेगनला असतो. तिथे गाडीखाली आलेले हरीण घरी न्यायला सरकारच परवाना देते म्हणतो. मी मुद्दाम मारले नाही, मग गुन्हा कसला? उरलेले मांस पुरून टाकू का? गाडी जप्त होईल का? घर तिच्यावरच चालते.

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. फ्रीझरमधले मांस पुरू नका, जाळू नका, कुत्र्यांना घालू नका. सुळे ज्याच्याकडे आहेत त्यालाही ते ओढ्यात टाकू नको म्हणून आजच सांगा. व्हिडिओ पुसायला कोणाला सांगू नका. तो खात्याकडे पोचलेलाच आहे, आणि पुसापुशी केल्याचे दिसले की तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. झाले ते अजून निस्तरण्यासारखे आहे. त्यात ही भर पडली तर फार जड जाईल.

मुद्दाम मारले नाही, हे तुमचे म्हणणे कायद्यात वजनाचे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ मध्ये शिकारीला बंदी आहे. पण रात्री अचानक आडव्या आलेल्या जनावराला गाडी धडकणे म्हणजे शिकार नव्हे. धडक बसली त्या घटकेपर्यंत तुमच्याकडून कोणताही गुन्हा घडला नव्हता. तिथेच थांबून वनखात्याला, नंबर हाताशी नसेल तर ११२ ला फोन केला असता, तर पंचनामा होऊन तुम्ही घरी गेला असता. प्रकरण बिघडले ते धूड गाडीत चढवले तेव्हा.

कोणाच्या गाडीखाली शेजाऱ्याची कोंबडी आली तर आपण मालकाला शोधतो, दोन शब्द ऐकून घेतो आणि भरपाई देतो. रानडुकराला मात्र मालक नाही असे आपण धरून चालतो. कायद्याने त्याला मालक आहे. कलम ३९ सांगते की मेलेला आढळलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. ‘चुकून’ हा शब्द खुद्द कलमातच आहे, म्हणजे तुमच्यासारखा प्रसंग कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता. अशी मालमत्ता कोणत्याही मार्गाने ताब्यात आली तरी ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवायचे, आणि मागितली तर स्वाधीन करायची. मुख्य वन्यजीव संरक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय ती जवळ ठेवायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, नष्टही करायची नाही. तुमच्या वाड्यावर एका रात्रीत यातले तिन्ही झाले. शिजवले म्हणून सुटका नाही. कायद्याच्या व्याख्येत मांस म्हणजे कच्चे किंवा शिजवलेले, रक्त, हाडे आणि चरबीसकट. सुळ्यांचेही तेच, मग ते कोणी ताईत करून गळ्यात घालो की कपाटात ठेवो.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. कलम ५७ नुसार वन्यप्राण्याचे मांस तुमच्या ताब्यात सापडले की तो ताबा बेकायदा आहे असे न्यायालय गृहीत धरते. उलट सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. आणि तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा होता ते अखंड जनावर. पशुवैद्यकाने शवविच्छेदन केले असते तर बरगड्या कशाने मोडल्या, अंगात छर्रा आहे का, पायाला किंवा मानेला फासाचा वळ आहे का, हे सगळे कागदावर आले असते. कुळागरांच्या, म्हणजे सुपारीच्या बागायतींच्या, कडेला रानडुकरासाठी फास लावले जातात हे वनखात्याला पक्के ठाऊक असते. त्यामुळे ‘गाडीखाली आले’ हे उत्तर त्यांनी शंकेने ऐकले, तर राग मानू नका. म्हणून आता जे उरले आहे ते जपायचे. बंपर आणि तुटलेला दिवा आहे तसाच ठेवा. त्यात केस किंवा रक्त अडकलेले असेल तर गाडी धुऊ नका. त्या रात्रीचे भाड्याचे चलन, पेट्रोल पंपाची पावती, वाटेतल्या दुकानांचे सीसीटीव्ही, मोबाइलवरचे कॉल यांवरून तुम्ही त्या वेळी त्या रस्त्यावर भाड्याने होता हे दिसेल. रस्त्यावरच्या टायरच्या खुणांचे फोटो आजच काढा.

शिक्षेचे म्हणाल, तर या कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूचींची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्यांची, फेरमांडणी झाली. रानडुक्कर आता अनुसूची २ मध्ये आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या गाडीखाली गवा किंवा मोर आला असता आणि तुम्ही त्याचे मांस नेले असते, तर ते अनुसूची १ चे प्रकरण झाले असते: किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. तिथे तडजोडीचे दारही बंद होते, कारण किमान शिक्षा ठरलेली आहे. तुमच्यासाठी ते दार उघडे आहे. कलम ५४ खाली अधिकार दिलेला अधिकारी, जो उपवनसंरक्षक दर्जाच्या खालचा नसतो, पाच लाखांच्या मर्यादेत रक्कम घेऊन प्रकरण मिटवू शकतो. मग त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही. हा तुमचा हक्क नव्हे, अधिकाऱ्याचा विवेक आहे. पण पहिलाच प्रसंग, खरा अपघात आणि स्वतःहून दिलेली माहिती या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो विवेक बहुधा तुमच्या बाजूने झुकतो, असे माझे मत आहे.

जागा नेमकी कुठली, हेही नीट सांगा. होंडा-वाळपई रस्ता म्हणता, ते ठीक. हेच चोर्ला घाटात, म्हादई अभयारण्याच्या हद्दीत झाले असते, तर अभयारण्यातून वन्यजीव बाहेर नेल्याचे कलम २९ ही अंगावर आले असते.

सोमवारपर्यंत थांबू नका. वकील बरोबर घ्या, उद्याच जा आणि लेखी निवेदन द्या: तारीख, अंदाजे वेळ, ठिकाण, गाडीचा क्रमांक, काय घडले, काय उरले आहे आणि ते तुम्ही स्वाधीन करत आहात. ४८ तास उलटून गेले आहेत हे खरे. तरी उशिरा पण स्वतःहून दिलेले निवेदन आणि छाप्यात सापडलेला फ्रीझर, या दोहोंत न्यायालय फरक करते. जमा केलेल्या प्रत्येक वस्तूची पोच घ्या.

जबाबाच्या बाबतीत एक गोष्ट मनात पक्की धरा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात तुमच्याविरुद्ध चालत नाही, हे पुष्कळांना माहीत असते. वनाधिकारी पोलीस नव्हेत. कलम ५० खाली सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरता येतो. म्हणून वाचल्याशिवाय सही नाही. न समजलेले वाक्य मराठीत किंवा कोकणीत वाचून घ्या. कोणी ‘बाजारातून विकत घेतले म्हण’ असा सल्ला देईल, तो ऐकू नका. त्याने विकणारा कोण हा नवा प्रश्न उभा राहील आणि अपघाताचे तुमचे खरे कारणही हातचे जाईल. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती संविधानाचे कलम २०(३) करू देत नाही, तेव्हा ज्या प्रश्नावर अडखळाल तिथे ‘वकिलांशी बोलून सांगतो’ म्हणायला मोकळे आहात. अटकेची चिन्हे दिसली तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज उत्तर गोवा सत्र न्यायालयात करता येतो. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा.

बाकीच्या पाच घरांचा प्रश्न नाजूक आहे. ज्यांनी वाटा घेतला त्यांच्यावरही हीच जबाबदारी येते. सगळे आपल्या अंगावर घेऊ नका आणि कोणाला खोटे गोवूही नका. त्यांनीही आपापले निवेदन द्यावे. शक्य असेल तर प्रत्येकाने आपला वकील करावा, कारण कोणाच्या सांगण्यावरून धूड उचलले यावर तुमचे हितसंबंध वेगळे होणार आहेत. शेजार सांभाळायचा असेल तर हे आजच, उघडपणे बोला.

गाडीची भीती मला समजते. गुन्ह्यात वापरलेले वाहन कलम ३९ च्या कक्षेत येते आणि वनखाते ते जप्त करू शकते. मात्र जप्ती झाली म्हणजे गाडी लगेच सरकारची झाली असे नव्हे. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मधुकर राव या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की खटला चालू असताना असे वाहन हंगामी सोडण्याचा दंडाधिकाऱ्यांचा अधिकार शाबूत आहे. गाडी नेलीच, तर आरसी, विमा आणि त्यावरच पोट चालते हे दाखवणारी कागदपत्रे जोडून लगेच अर्ज करा.

तुमचा मावसभाऊ सांगतो ते खरे आहे. ओरेगनमध्ये २०१९ पासून, मोंटानात २०१३ च्या कायद्यापासून असे परवाने मिळतात. पण तिथेही जनावर उचलून गप्प बसता येत नाही. ओरेगनमध्ये फक्त हरीण आणि एल्क (हरणाचीच एक मोठी जात), २४ तासांत अर्ज, आणि डोके व शिंगे पाच कामकाजाच्या दिवसांत खात्याकडे जमा. शिवाय तिथे परवान्याने शिकार चालते, इथे ती बंद आहे. पिकाची नासधूस सोसणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. रानडुकराला कलम ६२ खाली ठराविक भागात, ठराविक काळासाठी उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार केंद्राला आहे आणि बिहार, उत्तराखंडात तो वापरलाही गेला. गोव्यातही मागणी होते; मागणी म्हणजे अधिसूचना नव्हे. पण रस्त्यावर मेलेले नेण्याची मुभा इथे द्यावी, असे मला वाटत नाही. उद्या फासात अडकवलेले प्रत्येक डुक्कर ‘रस्त्यावर सापडले’ होईल. आणि शिजून संपलेल्या जनावराची नोंद कुठेच होत नाही. कोणत्या वळणावर जनावरे ओलांडतात, कुठे गतिरोधक हवा, हे खात्याला कळते ते नोंदींवरूनच. तोच गतिरोधक मोटारसायकलवरून येणाऱ्या तुमच्या मुलालाही वाचवतो.

जाता जाता वाड्यावर सांगा: रस्त्यावर मेलेले माकड दिसले तर हातही लावू नका. माकडतापाने सत्तरीत २०१५ पासून माणसे दगावली आहेत; मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी माणसावर चढतात. आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा.

उद्या जाताना गाडीचे सगळे कागद, मोडतोडीचे फोटो आणि निवेदनाच्या दोन प्रती घ्या, एकीवर शिक्का मारून परत आणायची. विमा कंपनीलाही अपघाताची खरी माहिती उद्याच कळवा. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर जनावराच्या धडकेने झालेले नुकसान त्यात बसते, पण गॅरेजमध्ये नेण्याआधी सर्व्हेअरची पाहणी आणि वनखात्याचा पंचनामा दोन्ही व्हायला हवेत.