एक मेचा निकाल, गॅदरिंगचं झाड आणि दाखल्यातली वेलांटी

यावेळी पत्रांचा गठ्ठा सोडला तर निम्म्याच्या वर पत्रं शाळेचीच निघाली, साहजिकच आहे म्हणा, वर्ष संपतंय, सकाळची शाळा, परीक्षा, निरोप समारंभ, एक मेला झेंडावंदन झालं की निकाल. मी स्वतः ३२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, सुरुवात सातारा जिल्ह्यात माणमधल्या दोनशिक्षकी शाळेत आणि शेवट कोरेगाव तालुक्यात, त्यामुळं उत्तरं पुस्तकातली कमी आणि फळ्यासमोरची जास्त आहेत हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न : बाई, मुलगा तिसरीला आहे, जि.प. शाळा. प्रगतीपत्रक मिळालं, सगळीकडं ब-१, ब-२ लिहिलंय. नंबर कितवा आला ते कुठंच नाही. विचारलं तर मॅडम म्हणाल्या आता नंबर काढत नाहीत. शेजारचं पोरगं इंग्लिश मीडियमला आहे त्याला ९४ टक्के आणि त्यांनी स्टेटस पण ठेवलंय. आमचं पोरगं नक्की कुठं आहे हे कळायचं कसं?
(एक वडील, खटाव तालुका)

उत्तर : दादा, आधी त्या अक्षरांचं बघू. ब-१ म्हणजे ७१ ते ८० टक्के, ब-२ म्हणजे ६१ ते ७०. त्याच्या वर अ-२ म्हणजे ८१ ते ९० आणि अ-१ म्हणजे ९१ च्या पुढं. तर पोरगं काही मागं नाहीये, उगाच त्याच्यासमोर तोंड पाडून बसू नका. ही पद्धत आपल्याकडं २०१० पासून आहे आणि तिसरीला १०० पैकी ६० मार्क आकारिकचे असतात, म्हणजे वर्षभर वर्गात बोलला काय, वाचलं काय, प्रकल्प केला का, गृहपाठ, तोंडी, हे सगळं, आणि फक्त ४० मार्क संकलितचे म्हणजे आपण ज्याला सत्र परीक्षा म्हणतो त्याचे. पहिली दुसरीला तर ७०-३० असतं. आता असल्या हिशोबात पहिला दुसरा नंबर काढायचा म्हणजे कोण जास्त चांगलं चित्र चिकटवतो त्याचा नंबर काढण्यासारखं आहे.

खरी गंमत पत्रकाच्या आतल्या पानावर असते, वर्णनात्मक नोंदी. त्या वाचल्या का? पालक सगळं वाचतात, सही करतात, आणि नेमकं ते पान सोडतात. आता घरचीच गोष्ट म्हणून सांगते, मी पण एका वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, कामं सगळी अंगावर आली होती, चाळीस पोरांना "गृहपाठ वेळेवर करतो" असं एका दमात लिहून टाकलं होतं, त्यातली आठ पोरं कधीच गृहपाठ करत नव्हती आणि एका पोराच्या आज्जीनं शाळेत येऊन मला तोंडावर विचारलं की बाई ह्यो कवा करतो हो गृहपाठ? तेव्हापासून मी नोंदी बसून लिहायला लागले. सांगायचं काय, की नोंद सगळ्यांना सारखीच दिसली तर सरळ शाळेत जा आणि मॅडमना दोनच गोष्टी विचारा, एक, ह्याला तिसरीच्या पुस्तकातलं नवीन पान न अडखळता वाचता येतं का, आणि दोन, हातचा घेऊन वजाबाकी येते का. नंबर विचारलात तर त्यांना उत्तर देता येणार नाही, हे विचारलंत तर द्यावंच लागेल. घरी पण बघता येतं, किराणाची यादी त्याच्याकडून लिहून घ्या आणि दुकानात उरलेले पैसे त्यालाच मोजायला सांगा.

आणि ९४ टक्क्यांचं सोडा हो, पेपर वेगळा, तपासणारा वेगळा, त्याच्याशी तुलना कशी करणार. हां, एक मात्र लक्षात ठेवा, पुढं पाचवीला वार्षिक परीक्षा खरीखुरी असते. २०२३ मध्ये आपल्या राज्यात नियम बदलला, पाचवी आणि आठवीला पास व्हावं लागतं, नाही झालं तर पुन्हा एकदा परीक्षा देता येते आणि त्यातही राहिलं तर पोरगं त्याच वर्गात बसतं. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही. म्हणजे तुमच्या हातात अजून दोन वर्षं आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सिनियर केजीला आहे. गॅदरिंगला ड्रेसचे आठशे रुपये घेतले आणि स्टेजवर तिला सगळ्यात मागं झाड करून उभं केलं, तिचा चेहरा पण दिसला नाही. व्हिडिओत फक्त पुठ्ठ्याची पानं दिसतात. मी खूप चिडलेय, पुढच्या वर्षी भागच घेऊ द्यायचा नाही असं ठरवलंय.
(एक आई, सांगली)

उत्तर : आठशे रुपयांत झाड! आमच्या वेळी झाड फुकट व्हायचं, शेतातून खरोखरची फांदी आणायची. चिडणं बरोबरच आहे तुमचं, पैशाबद्दल तर नक्कीच, पालक सभेत उठून विचारा की भाड्यानं ड्रेस किती पडतो, तो परत कुणाकडं गेला, आणि घरातलं परकर पोलकं का चाललं नसतं. एकट्या विचारू नका, चार आया मिळून विचारा.

पण मुलीला विचारलंत का, तिला कसं वाटलं? मला एक झाड आठवतं, आमच्या शाळेतलं, दुसरीतला मुलगा होता, गाणं संपलं, सगळे ससे आणि हरणं पळून गेली आणि हा तसाच दोन्ही हात वर करून उभा, पडदा ओढणारा शिपाई म्हणतोय चल रे, तर हा म्हणतो झाड चालत नसतं. अख्खा मंडप हसला. त्याच्या आईला पण आधी वाईटच वाटलं होतं. तर भाग घेऊच द्यायचा नाही ही शिक्षा शाळेला नाही, तिलाच होईल. त्यापेक्षा जूनमध्येच बाईंना सांगून ठेवा की यंदा पुढच्या रांगेत बघा, डिसेंबरात सांगून काही होत नाही कारण तोवर उंचीप्रमाणं रांगा लागलेल्या असतात.

प्रश्न : नातू चौथी पास झाला. पाचवीला तालुक्याच्या गावी हायस्कूलला घालायचाय. दाखला काढायला गेले तर त्याच्या नावात पहिली वेलांटी आहे आणि जन्माच्या दाखल्यावर दुसरी. आधार कार्डावर इंग्रजीत तिसरंच. सून म्हणते एवढ्यानं काय होतंय. खरंच काय होतंय का?
(एक आज्जी, पलूस तालुका)

उत्तर : आज्जी, होतंय. आत्ता नाही, दहा पंधरा वर्षांनी होतंय, आणि तेव्हा तुमचा नातू तहसीलच्या खिडकीपाशी उभा राहून सगळ्यांना शिव्या घालत असतो. तुम्ही वेलांटी बघितलीत हेच मोठं काम केलंत, नाहीतर लोक दाखला हातात आला की घडी घालून पिशवीत टाकतात.

दाखला लिहितात तो शाळेच्या जनरल रजिस्टरवरून. ते मोठं, जाड, कडेला कापड लावलेलं रजिस्टर कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतं बघा, पहिलीत नाव घातलं त्या दिवशी जे लिहिलं तेच पुढं दहावीपर्यंत आणि जातीच्या दाखल्यापर्यंत चालत जातं. लिहिणारा पण माणूसच असतो, जूनमध्ये पन्नास पालक समोर उभे, कुणी तोंडी सांगतंय, कुणी झेरॉक्स देतंय, तेवढ्यात खिचडीचे तांदूळ घेऊन टेम्पो आला की पेन खाली ठेवून मापायला जायचं, आल्यावर कुठल्या ओळीवर होतो ते शोधायचं. आणि जुन्या काळी तर सरळ १ जून. आमच्या ह्यांची जन्मतारीख १ जून, त्यांच्या भावाची १ जून, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची १ जून, गुरुजींनी अंदाजे वय धरलं आणि शाळा सुरू व्हायच्या आसपासची तारीख ठोकली. अख्खी बॅच एकाच दिवशी रिटायर झाली नसती तरच नवल.

तर करायचं असं. दाखला काढायची घाई करू नका, नाव शाळेच्या पटावर आहे तोवर दुरुस्ती सोपी, एकदा शाळा सोडली की तीच गोष्ट अवघड होऊन बसते. सुनेला किंवा मुलाला मुख्याध्यापकांच्या नावानं साधा अर्ज लिहायला सांगा, सोबत जन्माचा दाखला जोडायचा, त्याच्यावरची वेलांटी खरी धरायची. मुख्याध्यापक स्वतःच्या मनानं खोडू शकत नाहीत, ते वर पाठवतात, तिकडून मंजुरी आली की रजिस्टरला दुरुस्ती होते. अर्जाची पोच घ्या, पोच. मे महिन्यात शाळा बंद असते त्यामुळं जे काय करायचं ते एक मेच्या आतच करा, नाहीतर जूनमध्ये बदलीहून नवीन हेडमास्तर येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं. आणि कुणी म्हणालं की द्या इकडं, मी पेननं वेलांटी फिरवून देतो, तर देऊ नका, दाखल्यात परस्पर बदल केला तर कारवाई होईल असं त्या कागदावरच खाली छापलेलं असतं.

तोवर पाचवीचा प्रवेश अडेल ही भीती नको. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, स्पष्ट आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून पुढच्या शाळेनं प्रवेश लांबवायचा नाही आणि नाकारायचा तर नाहीच. आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग पण याच सुट्टीत जन्माच्या दाखल्याप्रमाणं करून घ्या, पुढं सगळं ऑनलाइन असतं आणि कॉम्प्युटरला वेलांटी समजत नाही पण एक आय आणि दोन ई बरोब्बर समजतात.

प्रश्न : आमच्या गुरुजींची बदली झाली. सहा वर्षं होते, पटसंख्या वाढवली. गावानं वर्गणी काढून सोन्याची अंगठी द्यायचं ठरवलंय. काही जण नको म्हणतात. तुमचं काय मत?
(शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक सदस्या, जत तालुका)

उत्तर : नको. सरकारी नोकरीत भेट घेण्याला नियम असतात, गुरुजी बिचारे नाही म्हणू शकणार नाहीत आणि नंतर कुणीतरी अर्ज ठोकला तर अंगठी त्यांना भारी पडेल. शाल, श्रीफळ, फेटा, आणि पोरांनी हातानं लिहिलेली पत्रं. तुमच्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका, कायद्यानंच, तेव्हा मिटिंगमध्ये बोला, गप्प बसू नका. वर्गणी जमलीच असेल तर पाण्याची टाकी घ्या, जतचा उन्हाळा मला कुणी सांगायला नको. टाकीवर गुरुजींचं नाव मात्र घालू नका, त्यांना पण लाज वाटेल.

प्रश्न : परीक्षा आणि आमच्या गावची यात्रा दरवर्षी एकत्र येते. पोराला पेपर बुडवून न्यावं का?
(माण तालुका)

उत्तर : नाही. शिखर शिंगणापूरच्या यात्रेतली कावड संध्याकाळी पण बघता येते. पेपर सकाळी असतो, दहा अकरापर्यंत सुटतो, मग न्या. मी माणमध्ये होते तेव्हा चैत्रात निम्मा वर्ग गुलालात यायचा, पेपरवर पण गुलाबी बोटं उमटलेली असायची, मी काही म्हणले नाही कधी.

शेवटचं पत्र आहे ते वहीच्या पानावर, पेन्सिलीनं, कडेला फूल काढलेलं. जसंच्या तसं देते.

प्रश्न : बाई मी तिसरीत आहे. आमच्या वर्गात एक मुलगी होती ती बीडची. तिचे आईबाबा ऊस तोडतात. कारखान्याचा पट्टा पडला तशी ते सगळे ट्रॅक्टरमधून गेले. तिची परीक्षा राहिली. तिचा निकाल कोण देणार? आणि तिची एक पेन्सिल माझ्याकडं राहिली.
(वाळवा तालुका)

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्या मैत्रिणीचं असं असतं, दिवाळीच्या सुमाराला तिचे आईबाबा इकडं येतात, कोपीत म्हणजे फडाजवळच्या झोपडीत राहतात, पहाटे अंधारात फडात जातात आणि ती तुमच्या शाळेत येते. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत गावी. अशी जी मुलं मधेच गाव बदलतात त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवलं की दुसऱ्या गावची शाळा तिला तिच्याच वर्गात बसवून घेते, मागं ढकलत नाही. तिचा निकाल तिच्या गावची शाळा देईल. पण तुमच्या शाळेत तिनं पाच महिने जे केलं, वाचन, पाढे, चित्रं, त्याच्या नोंदी तुमच्या बाईंकडं आहेत, त्या तिकडं पोचायला पाहिजेत. तू उद्या बाईंना एवढंच विचार की तिच्या नोंदी पाठवल्या का. मोठ्या माणसांनी विचारलं तर कधीकधी राग येतो, तू विचारलंस तर येणार नाही. आणि ती जाताना कार्ड घेऊन गेली का तेही विचार, घाईत निघालेल्यांचं राहून जातं.

तिच्या गावच्या शाळेचं नाव पण बाईंकडं लिहिलेलं असणार. त्या नावावर तिला पत्र लिही, मी तिसरी पास झाले, तू पण झालीस का, असं. पोस्टाच्या साध्या पाकिटात पेन्सिल बसते, तिरकी ठेवायची, मी आत्ताच घालून बघितली.