उत्तर : प्रयोगशाळा नंतर, आधी अहवालातला विहिरींचा तक्ता पाहा

तुमचा प्रश्न वाचताना काही क्षण वाटले की आमच्याच गावातल्या कोणी तो लिहिला असावा. तुमच्याकडे कोळसा खाण सुरू होऊन सात वर्षे झाली आहेत, गावाच्या अंगाला मातीचे डोंगर उभे राहिले आहेत, विहिरी होळीच्या आधीच तळ दाखवू लागल्या आहेत, पाण्याला खारट-तुरट चव आली आहे आणि तक्रार केली की ‘सर्व घटक निकषांत आहेत’ असे दोन ओळींचे उत्तर येते. त्यातच खाणीच्या विस्तारासाठीची जनसुनावणी पाच आठवड्यांवर आली आहे. ग्रामसभेने देखरेख समिती नेमली असून नमुने कोणत्या प्रयोगशाळेत द्यावेत, एवढेच तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर देतो, पण ते शेवटी. कारण आम्हीही प्रयोगशाळेपासूनच सुरुवात केली होती आणि ज्या चुकीने आमची वर्षे वाया घालवली ती प्रयोगशाळेत घडलेली नव्हती.

आमचे गाव वर्धा खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यात आहे. गावाचे, खाणीचे आणि संबंधित कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेले नाही. मी वकील नाही आणि भूजलाचा अभ्यासकही नाही. शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि समितीचे दप्तर नऊ वर्षे सांभाळले, एवढाच माझा अधिकार. कायद्याचे जे लिहितो आहे ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. ग्रामसभेचा ठराव, समितीत महिलांचा समावेश, प्रत्येक अर्जाची पोच या गोष्टी तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून त्यांवर वेळ घालवत नाही.

आमची चूक जनसुनावणीच्या दिवशी झाली. २००६ च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि त्या काळात खाणीचा परिसरावर काय परिणाम होईल ते मांडणाऱ्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. आमच्या ग्रामपंचायतीतही त्याची एक प्रत आली होती आणि ती ग्रामसेवकांच्या कपाटात, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांखाली, महिनाभर पडून राहिली. मूळ अहवाल इंग्रजीत आणि चारशेवर पानांचा होता. आम्ही मराठी सारांश वाचला आणि तेवढ्यावर मांडवात जाऊन बसलो. नोकऱ्या, जमिनीचा मोबदला, धूळ, सुरुंगांमुळे भिंतींना जाणारे तडे, या सर्वांवर आम्ही बोललो. मी स्वतः दहा-बारा मिनिटे बोललो आणि टाळ्याही पडल्या. अहवालाच्या मधल्या एका प्रकरणात परिसरातल्या विहिरींच्या आणि हातपंपांच्या पाण्याचा तक्ता होता, त्याकडे मात्र आमच्यापैकी एकानेही पाहिले नाही.

पुढे पाणी बिघडले हे सर्वांत आधी कळले ते स्वयंपाकघरात. तुरीची डाळ शिजेनाशी झाली, साबणाला फेस येईना, भांड्यांच्या तळाशी पांढरा थर बसू लागला. घरातल्या बायका दोन वर्षे हे सांगत होत्या आणि आम्ही पुरुष मंडळी ‘डाळच जुनी असेल’ म्हणत होतो, हे लिहिताना आजही लाज वाटते. शेवटी समिती बसली, वर्गणी काढली, पाणी तपासून आणले. अहवालात क्षार आणि कठीणपणा दोन्ही वाढलेले निघाले आणि आता आपले काम झाले अशा समजुतीने आम्ही तो घेऊन एका कार्यालयात गेलो.

तिथल्या अधिकाऱ्यांनी आमचा कागद वाचलाही नाही. त्यांनी कपाटातून जाड अहवाल काढला, खूण करून ठेवलेले पान उघडले आणि एका ओळीवर पेनाचे टोक टेकवले. त्या ओळीत आमच्या गावाचे नाव होते आणि पुढे विरघळलेल्या क्षारांचा आकडा लिटरला चौदाशे मिलिग्रॅमच्या वर होता. ‘खाण येण्याआधीच तुमचे पाणी असे होते. सुनावणीत तुम्ही यावर हरकत घेतलेली दिसत नाही.’ ते खरेच होते. इतिवृत्तात माझे भाषण होते, धूळ होती, तडे होते. तक्त्यावर एक शब्द नव्हता.

घरी आल्यावर माझ्या पुतण्याने तक्त्यातले अक्षांश-रेखांश मोबाइलच्या नकाशावर टाकले. आमच्या गावाच्या नावापुढचा बिंदू गावात पडतच नव्हता. तो नाल्यापलीकडे, मोठ्या रस्त्यावरच्या एका ढाब्यामागच्या हातपंपावर पडत होता. त्या हातपंपाचे पाणी आमच्या आजोबांच्या काळापासून कोणी पीत नाही, गुरेसुद्धा तोंड लावत नाहीत. नमुना घेणाऱ्याने हे हेतुपुरस्सर केले असे मी म्हणणार नाही. बहुधा गाडी जिथे थांबली तिथेच बाटली भरली गेली. परंतु त्या एका बाटलीने आमच्या गावाचे मूळ पाणी कायमचे ठरवून टाकले आणि ती नोंद हलवायला आम्हाला सहा वर्षेही पुरलेली नाहीत. सुनावणीच्या दिवशी अर्ध्या पानाच्या लेखी हरकतीने जे झाले असते, ते नंतर शेकडो पानांनी झाले नाही.

तुमची अडचण यापेक्षा थोडी अधिक अवघड आहे. विस्ताराच्या अहवालासाठी नमुने अलीकडे घेतले गेले असणार, म्हणजे सात वर्षांच्या खाणीने बिघडवलेले पाणीच त्यात ‘सद्यःस्थिती’ म्हणून नोंदले जाईल. उद्या तक्रार केलीत तर तुलना त्याच्याशीच होईल. म्हणून पहिल्या मंजुरीच्या वेळचा जुना अहवाल मिळवा आणि दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी ठेवा. प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश तपासा आणि त्या जागी स्वतः जाऊन उभे राहा. तो स्रोत पिण्याचा आहे की सोडून दिलेला, विहीर आहे की खोल बोअर, खाणीच्या वरच्या अंगाला आहे की उताराच्या, हे लिहून घ्या. नमुना कोणत्या महिन्यात घेतला तेही पाहा; अशा अहवालांसाठी सहसा पावसाळा वगळून एकाच हंगामाची आकडेवारी घेतली जाते आणि एका हंगामावरून विहिरीचे वर्षाचे वागणे कळत नाही. हे सर्व लेखी हरकत म्हणून सुनावणीत द्या, वाचून दाखवा आणि इतिवृत्तात आले की नाही ते तिथेच ऐकून खात्री करून घ्या. विस्तारासाठी जुन्या अटींच्या पालनाचा, सहसा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाने प्रमाणित केलेला अहवाल लागतो, तोही मागा. काही विस्तारांना जनसुनावणीतून सूट मिळते. तुमच्याकडे ती होते आहे, तेव्हा भाषणे कमी आणि कागद जास्त असू द्यावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता ‘निकषांत आहे’ या उत्तराविषयी. आम्ही बराच काळ ते खोटे समजत होतो, पण ते खोटे असेलच असे नाही. कोळसा खाणीतून बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी २००० साली जे मानक अधिसूचित झाले, त्यात सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता), रासायनिक ऑक्सिजन मागणी, तरंगता गाळ, तेल-वंगण आणि नायट्रेट नायट्रोजन एवढेच घटक आहेत. सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान आणि गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असला की बऱ्याच अंशी काम भागते. तुमच्या जिभेला जे लागते आहे ते बहुधा विरघळलेले सल्फेट आणि कठीणपणा असावा, आणि ते त्या यादीतच नाहीत. कोळशासोबत पायराइट नावाचे गंधकयुक्त खनिज असते. त्याला हवा आणि पाणी लागले की आम्ल आणि सल्फेट तयार होते. चुना टाकून आम्ल मारता येते, सामू जागेवर येतो, पण सल्फेट बहुतांशी पाण्यातच राहते आणि पाणी दिसायला अगदी नितळ असते. गढूळ नाल्याचे फोटो सगळे काढतात, नितळ नाल्याचा कोणी काढत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मात्र सल्फेटची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ती ४०० पर्यंत चालते. विरघळलेल्या क्षारांसाठी हेच आकडे ५०० आणि २,००० आहेत. म्हणून तक्रार करताना ‘नाल्याचे पाणी निकषाबाहेर आहे’ असे लिहू नका, ‘आमच्या पिण्याच्या विहिरीत सल्फेट इतके आहे’ असे लिहा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने खाणीला दिलेल्या संमतीपत्रात मानकापेक्षा जादा अटी असू शकतात, त्याही पाहून घ्या.

आणि कृपा करून फक्त खालच्या अंगाचे पाणी तपासू नका. आम्ही तेही केले होते. ‘इथल्या खडकातच क्षार आहेत’ या वाक्याला उत्तर द्यायचे तर खाणीच्या वरच्या अंगाची, खाणीपासून लांबची, पण त्याच खडकातली विहीर त्याच दिवशी तपासलेली असावी लागते.

विहिरीच्या पातळीची नोंद प्रयोगशाळेइतकीच महत्त्वाची आहे आणि तिला जवळजवळ खर्च नाही. कठड्यावर एके ठिकाणी ऑइलपेंटने बाणाची खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. मापाची टेप घ्या, टोकाला वजन बांधा, शेवटच्या मीटरभराला फळ्याचा खडू घासा. पाण्याला टेकवून वर ओढली की खडू ओला झालेली रेघ स्पष्ट दिसते. मोजमाप पहाटे, मोटार सुरू होण्याआधी करा, नाहीतर आकडा शेजाऱ्याच्या ओलिताचा येतो. नोंद शाईने, पान क्रमांक असलेल्या वहीत, दोघांच्या सहीने करा. खाडाखोड झाली तर रेघ मारून शेजारी लिहा, पान फाडू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत घेतली जाते. तुमच्या जवळच्या निरीक्षण विहिरीची जुनी आकडेवारी माहिती अधिकारात मागा. खाणीच्या आधीची अशी त्रयस्थ नोंद मिळणे म्हणजे घबाडच आहे, आणि आम्हाला ती मागायचे सुचायला चार वर्षे लागली.

खाणीचे पर्यावरण मंजुरीपत्र ओळन् ओळ वाचा. खाणीतला पाणीउपसा चालू असताना गावच्या विहिरी आटल्या तर गावाला पाणी पुरवण्याची जबाबदारी खाणचालकाची, अशा अर्थाची अट कोळसा खाणींच्या मंजुरीत बहुधा असते. भूजलाची पातळी आणि गुणवत्ता वर्षातून चार वेळा तपासण्याचीही असते. अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात आणि अधिसूचनेनुसार ते सार्वजनिक दस्तऐवज आहेत. कोणीही अर्ज करून प्रत मागू शकतो. आम्ही लागोपाठचे अहवाल मागवले तेव्हा विहिरींच्या पातळीचा तक्ता दोन सहामाहींत दशांशासकट तोच निघाला. त्या एका झेरॉक्सने जेवढे काम केले तेवढे आमच्या मोर्चाने केले नव्हते.

तपासणीचा खर्च खाणीने द्यावा का, यावर आमच्या समितीत कडाक्याचे वाद झाले. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात स्टिलवॉटर खाणीशी तिथल्या रहिवासी संघटनांनी २००० साली करार केला. त्यात पैसा खाण देते आणि स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घेण्याचा हक्क रहिवाशांकडे राहतो. तसे बंधनकारक लेखी ठरत असेल तर जरूर घ्यावे. आपल्याकडे मात्र ‘साहेब गाडी पाठवतात, डबा पण देतात’ या पातळीवर गोष्ट येते, म्हणून वर्गणी काढावी असे माझे मत आहे. इतरांचे वेगळे असू शकते.

पाण्याचा अहवाल घेऊन आम्ही ज्या कार्यालयात गेलो होतो, त्याविषयी एवढेच सांगतो की तिथून आमचा अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ गेला, तिथून तिसऱ्याकडे, आणि चौदा महिन्यांनी तो फिरून पहिल्याच टेबलावर आला, आमच्याच अर्जाचे उत्तर आमच्याकडून मागण्यासाठी. या फेऱ्यांत मुदत निघून जाते. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात वाद नेण्यासाठी कारण घडल्यापासून सहा महिने आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळतात. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षे आहेत. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबते असे समजू नका, आणि याबाबत वकिलाचा सल्ला आताच घ्या.

आता प्रयोगशाळा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली कोणतीही घ्या, पण मान्यता त्या-त्या घटकासाठी आहे का ते विचारा. ‘पिण्याच्या पाण्याचे पॅकेज’ घेताना त्यात सल्फेट, कठीणपणा, मँगनीज आणि लोह आहे याची खात्री करा. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच आणा. धातूंच्या तपासणीसाठी आम्ल घातलेली बाटली वेगळी असते, तिला विसळू नये, जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटलीही विसळू नये, बाकीच्या त्याच पाण्याने तीनदा विसळाव्यात. सामू जागेवरच मोजा. बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. तुमचा नमुना हा कायद्याने अधिकृत नमुना ठरत नाही. सांडपाण्याच्या अधिकृत नमुन्याची पद्धत १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ मध्ये दिली आहे आणि तो अधिकाऱ्यांनीच घ्यायचा असतो. तुमच्या अहवालाचा उपयोग त्यांना तिथवर यायला भाग पाडण्यापुरता आहे. ते येतील त्या दिवशी तुमची वही, टेप आणि दोन माणसे विहिरीवर हजर असू द्या, आणि गाडी ढाब्याकडे वळली तर सोबत जा.

जुन्या अहवालाची प्रत हाती आली की तक्त्याचे पान इथे टाका. बिंदू नकाशावर लावून पाहायला माझा पुतण्या मदत करील.