वाचकांचे प्रश्न : रुग्णवाहिकेचं बिल, पासिंग आणि मान्यता

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एक-दोन गाड्या असलेल्या चालक-मालकांची आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

विमा कंपनीने आमचं बिल दोनदा परत पाठवलं. रुग्णालयातल्या विमा कक्षात सांगतात, ‘जीएसटी नंबर असलेलं बिल आणा.’ आमच्याकडे नंबर नाही. नातेवाईक आमच्यावर चिडतात. काय करावं? (सातारा)

जीएसटी नंबर नसणं ही त्रुटी नाही. रुग्णाला रुग्णवाहिकेतून नेणं ही करमुक्त सेवा आहे. केंद्रीय करदराच्या अधिसूचना १२/२०१७ मध्ये क्रमांक ७४ वर ती स्पष्ट लिहिलेली आहे. तुमची सगळी कमाई याच कामाची असेल, तर उलाढाल २० लाखांच्या वर गेली तरी नोंदणीची सक्ती नाही. म्हणून पावतीपुस्तक छापतानाच खाली ही ओळ घालून घ्या : ‘रुग्णवाहिकेतून रुग्ण वाहतूक, जीएसटी करमुक्त, अधिसूचना १२/२०१७ (केंद्रीय कर – दर), अनुक्रमांक ७४.’ विमा कक्षातल्या माणसालाही फाइलमध्ये लावायला काहीतरी लेखी लागतं, ते या ओळीने मिळतं. कुणाच्या आग्रहाखातर बिलात ‘जीएसटी ५ टक्के’ असं मात्र कधीही लिहू नका. कराच्या नावाखाली घेतलेला पैसा सरकारजमा करावाच लागतो, सेवा करमुक्त असली तरीही.

बिलं परत येण्याचं खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. ‘अ‍ॅम्ब्युलन्स भाडे रु. ४,५००’ एवढी एकच ओळ, खाली सही, वर तारीख; अशा कागदावर विमा कंपनी पैसे देत नाही. पावतीवर इतकं तरी हवं : अनुक्रमांक, गाडीचा नोंदणी क्रमांक, आरसीवर असलेलं मालकाचं नाव, गाडी साधी आहे की बेसिक लाइफ सपोर्ट (प्राथमिक जीवरक्षक साधनांची) की अ‍ॅडव्हान्स्ड (प्रगत साधनांची), रुग्णाचं नाव आणि वय, कुठून कुठे, निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ, मीटरचे दोन्ही आकडे. त्याखाली रक्कम फोडून लिहा. मूळ भाडं, पुढचे किलोमीटर गुणिले दर, वेटिंग, ऑक्सिजन, सोबतचा कर्मचारी, प्रत्येकाची वेगळी ओळ. पैसे यूपीआयने आले असतील तर व्यवहार क्रमांक लिहा. ५,००० रुपयांच्या वर रोख घेतलीत तर एक रुपयाचं महसूल तिकीट लावून त्यावर सही करा.

दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिलं म्हणजे नाव. पैसे मुलगा देतो म्हणून पावती मुलाच्या नावाने फाडली जाते आणि रुग्णालयातली भरती वडिलांच्या नावाने असते. रुग्णाचं नाव भरतीच्या कागदावर आहे तसंच्या तसं उतरवा, पैसे कुणी दिले ते वेगळ्या रकान्यात लिहा. दुसरं म्हणजे तारीख. रात्री ११:३० ला निघालेली गाडी १२:२० ला पोहोचते, पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडते, भरती दुसऱ्या दिवसाची. वेळा लिहिलेल्या असतील तर शंका उरत नाही.

नातेवाइकांना निघण्याआधीच सांगा की पॉलिसीत रुग्णवाहिकेच्या खर्चाला बहुधा मर्यादा असते. ‘आरोग्य संजीवनी’ या सर्व कंपन्यांच्या समान पॉलिसीत ती रुग्णालयातल्या एका भरतीमागे २,००० रुपये आहे. भरतीचा दावाच मंजूर झाला नाही तर गाडीचे पैसेही मिळत नाहीत, आणि डिस्चार्जनंतर घरी सोडण्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. केंद्र सरकारी कर्मचारी असतील तर ‘दुसऱ्या वाहनाने नेल्यास जिवाला धोका होता’ असा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी मागून घ्यायला सांगा.

आणि दर. जिल्ह्याच्या परिवहन प्राधिकरणाने ठरवलेलं दरपत्रक गाडीत रुग्णाच्या बाजूला दिसेल असं लावा. परतीचं भाडं त्या दरात धरलं आहे की नाही, ते दरपत्रकातली ओळ वाचूनच ठरतं. सर्वांत जास्त भांडणं परतीवरूनच होतात, म्हणून ती ओळ पावतीच्या मागे छापा.

ऑक्सिजनचे पैसे लावले की नातेवाईक म्हणतात, ‘इतका लागलाच नाही.’ तासावर लावावं की सिलेंडरवर? (नांदेड)

दोन्ही नको, लिटरवर लावा. हिशोब सोपा आहे आणि कुणालाही गेजवर दाखवता येतो.

गाडीत साधारणपणे बी-टाइप सिलेंडर असतो. त्याची पाण्याची क्षमता १० लिटर आणि पूर्ण भरल्यावर दाब सुमारे १५० किलो (दर चौरस सेंटिमीटरला), म्हणजे आत १,५०० लिटर वायू. दाब एक किलो उतरला की दहा लिटर गेले. निघताना गेजवर १३० आणि पोहोचल्यावर ९०, म्हणजे ४०० लिटर. फ्लोमीटरवर (वायू किती वेगाने जातो ते दाखवणाऱ्या मापकावर) मिनिटाला १० लिटर आणि प्रवास ४० मिनिटांचा असेल तर तोही हिशोब ४०० च येतो. दोन्ही आकडे जुळले की वाद संपतो. निघताना नातेवाइकांपैकी एकाला गेज दाखवा आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहा.

आकडे जुळले नाहीत तर गळती शोधा. सिलेंडरचा वॉल्व्ह उघडा, फ्लोमीटर शून्यावर ठेवा, मग वॉल्व्ह बंद करून पाच मिनिटं काट्याकडे बघा. काटा खाली सरकला तर रेग्युलेटरच्या सांध्यातला वॉशर गेला आहे किंवा फ्लोमीटरचा कॉक पूर्ण बसत नाही. वॉशर बदला. पान्याने जास्त आवळू नका, त्याने वॉशर आणखी चिरडतो. त्या सांध्याला तेल, ग्रीस किंवा व्हॅसलिन कधीही लावू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. सिलेंडरच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख कोरलेली असते. ती पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर भरणाऱ्याने तो भरूच नये, आणि तुम्हीही तो गाडीत चढवू नये.

निघण्यापूर्वीचं गणितही हेच. नॉन-रिब्रीदिंग मास्कला मिनिटाला १५ लिटर चालू असेल तर पूर्ण भरलेला बी-टाइप सिलेंडर १०० मिनिटं पुरतो, आणि शेवटचे २०-३० किलो हिशोबात धरायचे नाहीत. नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला निघताना एका बी-टाइपवर जाणं म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणं आहे. तिथे सात हजार लिटरचा डी-टाइप हवाच, आणि बदलीला एक बी-टाइप.

जीएसटीचं विचाराल तर ऑक्सिजन, स्ट्रेचर, कर्मचारी हे सगळं रुग्ण नेण्याच्या मुख्य सेवेसोबत नैसर्गिकपणे येतं. त्यामुळे रक्कम वेगळी दाखवली तरी त्यावर कर लागत नाही.

शववाहिकेच्या फेरीचं काय? टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले जातात. (रत्नागिरी)

मृतदेह नेणं हे जीएसटीच्या कक्षेतच येत नाही. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अंत्यविधीच्या सेवांबरोबर मृताची वाहतूक घेतलेली आहे. पावती वेगळी फाडा आणि त्यावर ‘रुग्ण’ लिहू नका. राष्ट्रीय महामार्गाच्या शुल्क नियमांत रुग्णवाहिका आणि शववाहिका दोघींनाही टोलमाफी आहे. पैसे कापले जातात, कारण टॅग बँकेतून साध्या व्यावसायिक वर्गात काढलेला असतो. आरसीची प्रत जोडून महामार्ग प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयात ‘सूट’ वर्गातल्या टॅगसाठी अर्ज करा, तो हातात आला की जुना बंद करा.

एका रुग्णालयाशी महिन्याचा करार करतोय. शिवाय मॅरेथॉन आणि गणेशोत्सवात गाडी उभी ठेवायची कामं येतात. टीडीएस आणि जीएसटी कसा? (पुणे)

इथे नीट लक्ष द्या, कारण चूक महागात पडते.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, आधी. कराराच्या पैशांतून रुग्णालय वैयक्तिक मालकाचा १ टक्का आणि भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के कापतं. एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की कपात सुरू होते. ‘वाहतूकदार आहे, पॅन दिला, कापू नका’ ही सवलत फक्त मालवाहू गाड्यांना आहे, रुग्णवाहिकेला नाही. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते का, ते दर तिमाहीला तपासा.

आता जीएसटी. करमाफी ‘रुग्णाच्या वाहतुकीला’ आहे. करारात नुसतं ‘चालकासह वाहन मासिक भाड्याने’ असं लिहिलंत तर अधिकारी त्याला गाडी भाड्याने देणं समजू शकतो. म्हणून करारात ‘रुग्णांची रुग्णवाहिकेतून ने-आण’ हेच काम म्हणून लिहा, दर महिन्याच्या बिलाला फेऱ्यांची यादी जोडा. मॅरेथॉनला उभी राहणारी गाडी कदाचित एकही रुग्ण नेत नाही. तिथे ही करमाफी आपोआप मिळेल असं धरू नका.

आणि सापळा इथे आहे. वर्षाला २४ लाख करमुक्त रुग्णवाहतूक करणाऱ्याने ६०,००० चं एक करपात्र काम घेतलं, तर नोंदणीची मर्यादा मोजताना दोन्ही रकमा एकत्र धरल्या जातात. २० लाखांची रेघ आधीच ओलांडलेली असते. उभं राहण्याची कामं नियमित घेणार असाल तर आधी सीएकडून करार वाचून घ्या, मगच होकार द्या.

जुनी व्हॅन काढून नवीन घ्यायची आहे. साधी व्हॅन घेऊन आत स्ट्रेचर बसवून घेतलं तर स्वस्त पडेल ना? (सांगली)

पडणार नाही, आणि पासिंगला अडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून रुग्णवाहिकेवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मात्र तो दर कारखान्यातूनच सर्व साहित्यासह तयार होऊन आलेल्या गाडीला आहे. तुमची सेवा करमुक्त असल्याने खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो पूर्ण खर्चात धरा.

गाडी एआयएस-१२५ या रुग्णवाहिकांसाठीच्या मानकाची हवी. त्यात चार प्रकार आहेत : ए म्हणजे प्रथम प्रतिसाद, बी म्हणजे रुग्ण वाहतूक, सी बेसिक आणि डी अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट. कोटेशनवर ‘अ‍ॅम्ब्युलन्स’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका, प्रकार लिहून घ्या आणि त्याच प्रकाराचं मंजुरीपत्र मागा. बी प्रकारच्या गाडीत मॉनिटर ठेवून ‘कार्डियाक’ (हृदयरुग्णांसाठीची) असा बोर्ड लावणं आणि तसं भाडं घेणं ही रुग्णाची फसवणूक आहे.

रुग्णवाहिकेला परमिट लागत नाही, फिटनेस लागतो. नवी गाडी दोन वर्षं, पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. चालकाकडे हलक्या वाहनाचं लायसन्स असलं तर ७,५०० किलोपर्यंतची गाडी तो चालवू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते पक्कं केलं आहे. केवळ व्यावसायिक वाहन चालवण्याचा बॅज नाही म्हणून विमा कंपनीने अपघाताचा दावा नाकारला, तर हा निकाल दाखवा.

रुग्ण घेऊन सिग्नल तोडला, कॅमेऱ्याने चलान पाठवलं. (ठाणे)

मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ मध्ये जीव वाचवण्यासाठी धावणाऱ्या गाडीला लाल सिग्नल ओलांडायची, वेगमर्यादा सोडायची मुभा आहे. पण सायरन आणि दिवे चालू हवेत, तातडी खरी हवी आणि जबाबदारी चालकाची. चलानावर ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि फेरीचा कागद जोडा : निघाल्याची वेळ, रुग्णालयात दाखल झाल्याची वेळ, रुग्णालयाचा शिक्का. चलानाची वेळ या दोन वेळांच्या मध्ये बसली पाहिजे. रिकामी गाडी परत येताना सिग्नल तोडला असेल तर दंड भरा. वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे कलम १९४-ई इतरांसाठी आहे; त्यातून चालकाला वेगळी सूट मिळत नाही.

अपघातग्रस्तांना आम्ही रोज पोहोचवतो. ‘राह-वीर’ बक्षीस आमच्या चालकांना मिळेल का? आणि सोबतच्या मुलाने तीन महिन्यांचा कोर्स केलाय, तो पॅरामेडिक म्हणून नोंदणी करू शकतो का? (अकोला)

हे बक्षीस अपघातातल्या जखमीला वेळेत रुग्णालयात नेणाऱ्या मदतनीसासाठी (‘गुड समॅरिटन’) आहे, आणि मोटार वाहन कायद्यात त्याची व्याख्या स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणारा अशी आहे. भाड्याची किंवा पगारी फेरी त्यात बसत नाही. चालक कामावर नसताना वाटेत अपघात पाहून जखमीला पहिल्या तासात फुकट पोहोचवत असेल, तर पोलिसांकडून पोचपत्र घेऊन त्याने जिल्हा समितीकडे प्रकरण जरूर पाठवावं. एप्रिल २०२५ पासून रक्कम ५,००० ऐवजी २५,००० आहे. रोज हेच काम करणाऱ्यांना यात जागा नाही, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं. चालकांच्या संघटनांनी ही मागणी लेखी लावून धरावी. दरम्यान जखमीच्या घरच्यांना एक गोष्ट नक्की सांगा : मे २०२५ च्या योजनेनुसार रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार मिळतात.

मुलाबद्दल. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा मान्य व्यवसाय आहे, पण त्या कायद्याप्रमाणे किमान शिक्षण २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पूर्ण केलेलं असावं लागतं. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राने नोंदणी होत नाही. तो मदतनीस म्हणून काम करू शकतो. त्याच्या गणवेशावर आणि तुमच्या बिलावर ‘पॅरामेडिक’ लिहू नका. पुढे शिकायचं असेल तर पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेचा अभ्यासक्रम मान्य आहे का, ते महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडे लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत प्रवेश घेऊ नका.